तापीकाठच्या कबरी

"अहो, दिवाळीच्या अंकात कबरींवर कसलं लिहिताय? जरा सणासुदीचं काहीतरी लिहा की!"

लेखाचा विषय कानी पडताच स्वयंपाकघरातून आलेला हा पहिला अभिप्राय. तो गैरवाजवी होता असे मी म्हणणार नाही. आत कढईत चकल्या तळल्या जात होत्या, ओसरीवर नातवंडांचा किल्ला अर्धाअधिक उभा राहिला होता आणि मी टेबलाशी बसून कोणता सुलतान कुठे पुरला याच्या तारखा लावीत होतो! पण मीही जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. मी विचारले, "धनत्रयोदशीला तिन्हीसांजेला तू कणकेचा दिवा करतेस आणि त्याची वात दक्षिणेकडे करून अंगणात ठेवतेस, तो कुणासाठी?"

"यमासाठी. दुसऱ्या कुणासाठी?"

"मग माझा लेख त्याच दिव्याशेजारी ठेवायचा आहे, एवढेच समज."

"बोलण्यात तुम्हांला कोण जिंकणार!" असे म्हणून तिने झारा पुन्हा कढईत घातला आणि मी लेखणी पुढे ओढली.

वाचकहो, खानदेश म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कापूस येतो, केळी येतात, वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी येते. फार तर शिरीषकुमार आठवतो, बहिणाबाई आठवतात, राजवाड्यांची दप्तरे आठवतात. पण इतिहासाच्या नकाशावर खानदेश ही मुख्यतः एक वाट आहे. सुरतेच्या बंदरावर उतरलेला माल आणि माणूस नंदुरबारवरून तापीच्या खोऱ्याने बऱ्हाणपुराला जाई आणि तेथून आग्र्याकडे वळे. दिल्लीचे सैन्य दक्षिणेत उतरे ते याच मुलखातून. वाटेवर माणसे जगतात तशी मरतातही; आणि वाटेवर मेलेल्या माणसाचे घर जवळ नसते. म्हणूनच की काय, आमच्या तापीच्या काठाने परक्या, अर्धपरक्या आणि पूर्ण विसरलेल्या माणसांच्या जितक्या कबरी आहेत तितक्या फार थोड्या नद्यांच्या वाट्याला आल्या असतील. त्यांतल्या काही मी पाहिल्या. त्यांची ही हकीकत.

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेस निघावे, तापी ओलांडावी आणि शिरपुराच्या अंगाने उजव्या हाताला वळावे, म्हणजे थाळनेर येते. आज ते एक साधे गाव आहे. नदीच्या उंच दरडीवर किल्ल्याचे ढासळते बुरूज आणि खाली तापीचे संथ पात्र. पण सहाशे वर्षांपूर्वी ही एका राज्याची राजधानी होती. फिरोजशहा तुघलक एकदा शिकारीत आपल्या लोकांपासून चुकला. भुकेने व्याकूळ झालेल्या सुलतानाला मलिक राजा नावाच्या एका सामान्य शिपायाने आपल्याजवळचे अन्न खाऊ घातले, अशी गोष्ट फिरिश्त्याने दिली आहे. त्या घासाची परतफेड म्हणून इ. स. 1370 मध्ये मलिक राजाला थाळनेर आणि करवंद हा मुलूख मिळाला. बारा वर्षांनी, 1382 साली, तो स्वतंत्र झाला आणि खानदेशच्या फारुकी घराण्याचा मूळपुरुष ठरला. घराण्याचा पाया एका भाकरीवर रचला गेला असे म्हणायला हरकत नाही.

1399 साली मलिक राजा वारला आणि थाळनेरातच पुरला गेला. मरताना त्याने राज्य दोघा मुलांत वाटले होते. थोरल्या नसीरखानाला लळिंग दिले. आमच्या धुळ्याच्या दक्षिणेला आग्रा रोडवरून दिसणारा डोंगर तो हाच. धाकट्या इफ्तिकारला थाळनेर दिले. नसीरखानाला एवढ्यावर समाधान नव्हते. आशा अहिराचा अशीरगड त्याने कपटाने घेतला. आपल्या कुटुंबातील बायकांना आश्रय द्या असे सांगून त्याने डोल्या वर पाठवल्या आणि त्या डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले. पुढे 1417 साली माळव्याच्या सुलतानाची मदत घेऊन त्याने सख्ख्या भावाचे थाळनेरही हिसकावले आणि भावाला अशीरगडावर कैदेत टाकले. तापीच्या काठी बऱ्हाणपूर वसवले तेही यानेच. खुलदाबादेत निजलेल्या बुऱ्हाणुद्दीन अवलियाचे नाव त्याने त्या शहराला दिले. आणि शेवटी काय झाले? बहमनी फौजेने त्याचा पराभव केला, लळिंगच्या किल्ल्यापर्यंत पाठलाग करून वेढा घातला, आणि त्या अपमानाने झुरून 1437 साली तो मेला. त्याचे प्रेत थाळनेरास आणून बापाशेजारी पुरण्यात आले. भावाला ज्या गावातून हाकलले त्याच गावात साडेतीन हात जागेसाठी त्याला परत यावे लागले.

त्याच्या मागून आलेले आदिलखान आणि मुबारकखान हेही तेथेच आहेत. पहिला 1441 साली गेला, दुसरा 1457 साली. पुढच्या राजांनी बऱ्हाणपूर जवळ केले आणि थाळनेर मागे पडले. त्या चार पिढ्यांचे घुमट अजून उभे आहेत. त्यांतील एक अष्टकोनी इमारत तर नक्षीकामासाठी थांबून पाहावी अशी आहे. दगडावर कोरलेली अक्षरे, कोनाडे, वेलबुट्टी हे सारे पाहताना कोणी कारागीर महिनोन् महिने येथे पाठ वाकवून बसला असेल, हे जाणवते.

मी ते प्रथम पाहिले ते शाळेच्या सहलीबरोबर. मुलांना वह्या काढायला सांगून मी सनावळ्या लिहून देत होतो. एक मुलगा लिहीत नव्हता. तो आत डोकावून आला आणि म्हणाला, "सर, इथे दिवा कोण लावतं?"

मी त्याला, "आधी सन लिही," असे सांगितले. मास्तरांना न सुचलेल्या प्रश्नांची उत्तरे ते अशीच देतात. पण परत येताना गाडीत तो प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसला, आणि खरे सांगायचे तर अजून उठलेला नाही.

थाळनेरला आणखी एक मरण आहे. 1818 च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला आणि होळकरांनी खानदेशातला आपला मुलूख इंग्रजांना दिला. थाळनेरचा किल्लेदार तुळशीराम याने मात्र किल्ला सोडला नाही. 27 फेब्रुवारीला सर टॉमस हिस्लॉपची फौज दरवाजात शिरली. आतल्या दरवाजापाशी बोलणी चालू असता चकमक झाली आणि दोन इंग्रज अधिकारी पडले. त्यासरशी फौजेने आतली सुमारे तीनशे शिबंदी, तीत बहुतेक अरब होते, कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिले. पुढच्या वर्षी विलायतेच्या पार्लमेंटात या मोहिमेबद्दल सैन्याचे आभार मानले गेले, तेव्हा थाळनेरची गोष्ट मुद्दाम वगळण्यात आली. त्यांनाही ती गिळवेना. चार राजांचे घुमट पाहून झाल्यावर मी किल्ल्याच्या दरवाजात उभा राहिलो. त्या तीनशे माणसांच्या नावाचा एक दगडही माझ्या दृष्टीस पडला नाही.

थाळनेरहून फारुकींची राजधानी गेली ती बऱ्हाणपुरास, म्हणून आपणही तापीच्या काठाने वर पूर्वेला चलावे. आज ते मध्य प्रदेशात असले, तरी जुन्या खानदेशचे खरे मोठे शहर तेच. 1601 साली अशीरगड अकबराच्या हाती पडला, फारुकींचे राज्य संपले आणि बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेचे दार झाले. दारात गर्दी असायचीच. या शहराच्या भोवतालचे मृतांचे शहर जिवंतांच्या शहराहून काही लहान नाही.

उतावळी नदीच्या काठी शाहनवाजखानाचा मकबरा आहे. हा अब्दुल रहीम खानखानानचा मुलगा. म्हणजे ज्या रहीमचे दोहे आपण हिंदीच्या तासाला पाठ केले, त्या रहीमचा. मुलगा दारूच्या पायी 1619 साली गेला आणि म्हातारा बाप त्यानंतर आठ वर्षे जगला. शहाजादा शुजाची बायको बिल्किस बेगम बाळंतपणात गेली असे सांगतात. तिची कबर लहानशी, खरबुजासारख्या फाकांची आहे आणि आतून रंगीत वेलबुट्टीने भरलेली आहे. तापी आणि मोहना यांच्या संगमाजवळ मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. पुरंदरचा तह करून शिवाजीमहाराजांना आग्र्याला जायला लावणारा हा राजपूत, महाराज आग्र्याहून निसटल्यावर बादशहाच्या मनातून उतरला आणि 28 ऑगस्ट 1667 रोजी बऱ्हाणपुरातच वारला. आंबेर कुठे, तापी कुठे! आणि लोधीपुऱ्याकडे दाऊदी बोहऱ्यांचा दर्गा-ए-हकीमी आहे. पांढराशुभ्र, झाडून पुसून लख्ख. तेथे आजही दूरदूरचे यात्रेकरू उतरतात, वृद्ध माणसे ओसरीत बसून पाठ म्हणतात आणि मुले बागेत खेळतात. थाळनेरच्या त्या मुलाने हा दर्गा पाहिला असता तर त्याला प्रश्न पडलाच नसता.

परंतु बऱ्हाणपुरात सगळे पाहायला जातात ती एक रिकामी कबर. नदीपलीकडे जैनाबादेत आहुखाना नावाची शिकारी बाग होती. शहाजहान दक्षिणेच्या स्वारीसाठी बऱ्हाणपुरात तळ देऊन असता 17 जून 1631 रोजी मुमताजमहल तिच्या चौदाव्या बाळंतपणात वारली. तिला तात्पुरते या बागेत पुरले. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, शहाजादा शुजाच्या सोबतीने तिचा देह आग्र्याला नेण्यात आला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. ताजमहालाचा दगडन् दगड जगाने वाखाणला. जैनाबादेत उरल्या त्या पडक्या भिंती, आणि येथून कोणीतरी गेले एवढी आठवण.

या मुक्कामी मला इतिहासाच्या मास्तराने सहसा वर्गात न सांगितलेली गोष्ट सांगायची आहे. मुमताज वारली त्या सुमाराची दोन वर्षे खानदेश आणि गुजरात यांच्या इतिहासातली सर्वांत काळी होती. 1630 साली पाऊस गेला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पीटर मंडी नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा एक माणूस सुरतेहून आग्र्यास निघाला. त्याने रोजनिशी ठेवली होती. सुरतेपासून वाटेवर प्रेतेच प्रेते पडलेली होती. आणि नंदुरबारास पोचल्यावर आपला लहानसा तंबू ठोकायलाही मोकळी जागा सापडेना, इतकी प्रेते गावात आणि गावाभोवती विखुरली होती, असे तो लिहितो. त्यांना कोण पुरणार आणि कोण जाळणार? जे उरले होते त्यांच्या अंगात फावडे उचलण्याचेही त्राण नव्हते.

बादशहाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बऱ्हाणपुरात लंगर उघडले गेले. दर सोमवारी पाच हजार रुपये, असे वीस सोमवार मिळून एक लाख रुपये गोरगरिबांत वाटले, असे त्याच्या दरबारचा इतिहासकार लाहोरी नोंदवतो. सत्तर लाखांचा सारा माफ केल्याचेही तो सांगतो. आणि तोच लाहोरी ताजमहालाच्या खर्चाचा आकडा पन्नास लाख देतो. मी हे आकडे शेजारी शेजारी मांडले ते कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी नव्हे. बायकोच्या मृत्यूने ज्याची दाढी थोड्या दिवसांत पांढरी झाली असे सांगतात, त्याच्या दुःखाची मापे काढणारा मी कोण? पण पीटर मंडीचे मला नवल वाटते. नंदुरबारचे ते दृश्य पाहून हा माणूस आग्र्यास पोचला, तेथे दोन वर्षे राहिला, आणि बादशहा आपल्या राणीची कबर बांधवतो आहे, तिच्याभोवती सोन्याचा कठडा आहे, हेही त्याने त्याच रोजनिशीत लिहिले. एका माणसाचे दोन डोळे! एकाने बिनकबरीची माणसे पाहिली आणि दुसऱ्याने जगातली सर्वांत देखणी कबर उभी राहताना पाहिली.

बऱ्हाणपुराहून परत येताना भुसावळ लागते. आगगाडी बदलण्यापलीकडे भुसावळला उतरण्याचे कारण सहसा नसते. माझे होते. तेथे युरोपियनांचे एक लहानसे कबरस्तान आहे आणि त्यात मेजर रॉबर्ट गिल आहे. मद्रासच्या फौजेतल्या या चित्रकाराला 1844 साली अजिंठ्याच्या भिंतीवरील चित्रांच्या नकला करण्याचे काम मिळाले. त्याने वर्षानुवर्षे त्या अंधारात बसून मोठमोठे पडदे रंगवले. ते विलायतेला गेले, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगले गेले आणि 1866 च्या आगीत त्यांतले बहुतेक जळून गेले. इकडे त्याची पारो त्याआधीच गेली होती. अजिंठा गावात तिची कबर आहे. 23 मे 1856 ही तिची मृत्यूची तारीख आणि ती आपली लाडकी होती एवढे त्याने दगडावर कोरून ठेवले. त्या काळच्या गोऱ्या अधिकाऱ्याने एका देशी बाईसाठी उघड्यावर हे शब्द कोरावेत, ही लहान गोष्ट नव्हती. पुढे 1879 साली गिल मेला आणि भुसावळास पुरला गेला. ती घाटावर, तो घाटाखाली. पण तिच्या नावाचा दगड त्याने उभा केला म्हणून आज आपल्याला पारो ठाऊक आहे. आपल्या ना. धों. महानोरांनी या दोघांवर 'अजिंठा' हे दीर्घकाव्य लिहिले आणि त्यावर 2012 साली चित्रपटही निघाला. एका दगडाने एवढे केले.

आता माझ्या घरची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो.

आमची आजी नंदुरबारकडची. तिच्या जन्माआधी तिच्या आईवडिलांवर छप्पनचा दुष्काळ कोसळला. विक्रम संवत 1956, म्हणजे इ. स. 1899–1900. गुरे मेली, घरातले दाणे संपले, तेव्हा खडी फोडायचे काम मिळेल या आशेने ती दोघे पायी धुळ्याकडे निघाली. कडेवर दीड-दोन वर्षांची मुलगी होती. दोंडाईच्याच्या अलीकडे कुठेतरी ती मुलगी गेली. एवढ्या लहान जिवाला आपल्याकडे जाळीत नाहीत. बापाने वाटेच्या कडेला एका झाडाखाली हातांनी माती उकरली, तिला ठेवले, वर दोन धोंडे ठेवले आणि दोघे पुढे चालू लागली. काम मिळाले, ती जगली, पुढे आजी झाली. मुलीचे नाव मात्र तिच्या आईने पुन्हा कधी उच्चारले नाही. त्यामुळे ते कुणालाच कळले नाही. पीटर मंडीने पाहिलेल्या त्याच मुलखात, त्याच्यानंतर पावणेतीनशे वर्षांनी, आमच्याही घरचे एक माणूस निनावी निजलेले आहे.

आमच्या खानदेशात पितरांचा मोठा सण म्हणजे आखाजी. अक्षय्य तृतीयेला कुंभाराकडून नवी घागर आणायची, ती भरायची, तिच्यावर छोटी केळी ठेवायची, सांजोऱ्या, आंबा आणि डांगर मांडायचे. आणि सकाळीच उंबरठा धुऊन, घरातल्या एकेका मृताचे नाव घेत कुंकवाचे एकेक बोट त्यावर उमटवायचे. आजी हे सारे यथासांग करी. सासऱ्यांचे बोट, सासूचे, चुलतसासऱ्यांचे. सासरच्या माणसांची नावे संपली की ती उंबरठ्याच्या अगदी कडेला, भिंतीलगत, आणखी एक बोट लावी. नाव न घेता. माहेरच्या माणसाचे बोट सासरच्या उंबऱ्यावर लावायची रीत नाही. आजोबा त्या वेळी नेमके पागोटे बांधण्यात गुंतलेले असत.

मी सात-आठ वर्षांचा असेन. मी विचारले, "हे कुणाचं?"

ती म्हणाली, "ज्याले कोनी नही, त्याले आपुन शेतस."

ज्याला कोणी नाही, त्याला आपण आहोत. एवढेच. बहिणीची हकीकत तिने मला पुष्कळ वर्षांनी, मी शिकून मास्तर झाल्यावर सांगितली. तोवर त्या बोटाचा मालक मी मनाशी कितीदा तरी बदलला होता.

थाळनेरला त्या मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला खरे तर आठव्या वर्षीच मिळालेले होते, पण मी ते सनावळ्यांत शोधत बसलो. कबर दगडाची असते हा आपला समज. त्या घुमटांखाली चार राजे आहेत, पण त्यांच्याकडे कुणी आपले म्हणून जात नाही. जैनाबादेत देहच नाही, तरी तेथे माणसे जातात. पारोला एका दगडाने जगवले. आणि माझ्या आजीच्या बहिणीला जो दगड मिळाला तो केव्हाच वाटेच्या खडीत मिसळून गेला असेल. तिची कबर कुंकवाच्या एका बोटाएवढी. ती दुपारी पायाखाली पुसली जाते आणि पुढच्या आखाजीला पुन्हा काढावी लागते. मी एवढेच पाहिले की, जी पुन्हा पुन्हा काढावी लागते ती टिकते.

आजी गेली त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. उंबरठ्यावरचे ते कडेचे बोट माझ्या आईने लावले, मग माझ्या पत्नीने. गेल्या आखाजीला सून धुळ्यात होती, तिने लावले. तिने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. यंदा सांगावे म्हणतो.

हे लिहीत असताना कढई उतरली. पत्नी पदराला हात पुशीत बाहेर आली, शेवटची दोन पाने तिने उभ्या उभ्या वाचली आणि काही न बोलता आत गेली. मला वाटले, नापसंतीच. थोड्या वेळाने आतून आवाज आला, "अहो, यंदा कणकेचे दिवे दोन करू का?"

"दुसरा कुणाला?"

"तुमच्या त्या थाळनेरवाल्यांना. आणि वाटेवरच्यांना. सगळ्यांना मिळून एकच चालेल ना?"

मी म्हटले, चालेल.